परीक्षकाची हातोडी

मुंबईहून निघालेली पंजाब मेल इटारसी आणि भोपाळ मागे टाकून झाशीच्या फलाटाला लागली, की एके काळी फलाटाच्या पलीकडच्या अंगाने, रुळांच्या कडेकडेने एक माणूस चालू लागे. एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात लांब दांड्याची हातोडी. प्रत्येक चाकापाशी तो थांबे, एक ठोका देई, क्षणभर कान देऊन ऐके आणि पुढच्या चाकाकडे वळे. गाडीतल्या उतारूंपैकी ज्यांची झोप सावध असे, त्यांना तो ठोका अर्धवट ऐकू येई. तो कशासाठी पडतो याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नसे.

चाक अखंड असेल तर ठोक्याला ते खणखणीत उत्तर देते. कोठे तडा गेलेला असेल तर आवाज बद्द येतो. कुंभाराकडून मडके घेताना जुन्या घरांतील वडीलधारी मंडळी ते वाजवून घेत, त्यातलाच हा प्रकार. चाकाच्या आत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही, पण ध्वनी ते लपवू शकत नाही. झाशीसारख्या स्थानकावर या तपासणीला विशेष महत्त्व असणे स्वाभाविक होते. मराठी माणसाच्या मनात झाशी म्हटले की राणी लक्ष्मीबाई उभी राहते, आणि २०२१ च्या अखेरीस या स्थानकाला तिचे नावही देण्यात आले. परंतु रेल्वेच्या नकाशावर झाशी म्हणजे आग्रा, भोपाळ, कानपूर आणि माणिकपूर या चारी दिशांच्या मार्गांचा संगम होय. १८८० च्या दशकात इंडियन मिडलँड रेल्वेने या मार्गांची उभारणी केली, १९०० साली ती कंपनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत सामील झाली, आणि मालडब्यांच्या दुरुस्तीचा मोठा कारखानाही येथेच उभा राहिला. शेकडो मैल धावून आलेली गाडी जेथे थांबते आणि शेकडो मैल धावावयास जेथून निघते, तेथे तिची चाके वाजवून पाहणे हे शहाणपणाचेच.

या हातोडीचा एक गुण सहसा लक्षात येत नाही. तिच्यात बिघडण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. एक लाकडी दांडा आणि एक लोखंडी डोके. ती ज्या गाडीची परीक्षा करते तिच्यात हजारो भाग आहेत, हातोडीत दोन. त्याहून महत्त्वाचे असे, की चाक चांगले असेल तरच हातोडी चालेल, अशी काही अट नाही. चाक पार तडकलेले असले तरी हातोडी आपले काम तितकेच बिनचूक करते. हा गुण दिसावयास क्षुल्लक आहे. पण ज्या एका वेगळ्या यंत्राची हकीकत येथे सांगावयाची आहे, त्याच्या परीक्षकांना तो संपादन करण्यासाठी अनेक वर्षे खर्ची घालावी लागली.

ते यंत्र आज पंजाब मेलमधल्या बहुतेक उतारूंच्या खिशात असते. अँड्रॉइड पद्धतीचा कोणताही मोबाइल फोन घेतला, तरी त्याच्या अगदी तळाशी लिनक्स नावाचा एक गाभा काम करीत असतो. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा आरंभ केला. या गाभ्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो मराठी कानाला सैन्यातल्या कर्नलसारखा ऐकू येतो. वस्तुतः त्याचा अर्थ कवचाच्या आतला गर एवढाच आहे. मात्र हुकमत गाजविण्याच्या बाबतीत हा गाभा कर्नलापेक्षा रतिभरही कमी नाही. यंत्रातील प्रत्येक कार्यक्रमाला केव्हा काम मिळावे, किती वेळ मिळावे आणि मुख्य म्हणजे स्मृतीतली किती जागा मिळावी, हे सारे तोच ठरवितो.

स्मृतीचा हा कारभार एखाद्या मोठ्या धर्मशाळेच्या कारभारासारखा आहे. गाभा साऱ्या स्मृतीचे समान तुकडे पाडतो. त्यांना पाने म्हणतात, आणि सामान्यतः एका पानात ४०९६ अक्षरांची जागा असते. आठ गिगाबाइट स्मृतीच्या फोनमध्ये अशी सुमारे २१ लक्ष पाने होतात. प्रत्येक पानाची नोंद ठेवणारी एक पुस्ती गाभ्यापाशी असते: पान कोणाकडे आहे, किती जण ते वापरीत आहेत, ते मोकळे आहे की अडलेले. ही एकेक नोंद बहुधा ६४ अक्षरांची असते. म्हणजे केवळ नोंदवहीसाठी जवळजवळ १२८ मेगाबाइट जागा खर्च होते. एवढ्या मोठ्या वहीत चूक होणारच नाही, असे कोण म्हणेल?

चुकांचे प्रकार धर्मशाळेच्या अनुभवाबाहेरचे नाहीत. एक प्रवासी खोली सोडून गेला, पण जाताना जादा किल्ली खिशात घेऊन गेला. चार दिवसांनी तो परत आला आणि त्या खोलीत आता दुसरे बिऱ्हाड आहे याची दाद न घेता आपले सामान आत टाकून मोकळा झाला. दुसऱ्याचे सामान एवढे, की त्याच्या वळकट्या शेजारच्या खोलीत शिरल्या. तिसऱ्याने खोली घेतली, कुलूप लावले आणि तो कायमचा विसरून गेला. पहिल्या दोन प्रकारांत तत्काळ काहीच बिघडत नाही, हीच खरी अडचण आहे. नुकसान होते ते तिसऱ्याच कोणाचे तरी, तेही काही तासांनी. कोणाचा पत्ता पुसला जातो, कोणाच्या हिशेबातला आकडा बदलतो, किंवा सारे यंत्रच ठप्प होते. एवढ्यावर भागले तरी पुष्कळ. परक्या खोलीची किल्ली ज्याच्यापाशी राहिली आहे असा एखादा दुष्ट कार्यक्रम मुद्दाम तिचा उपयोग करून घेतो. यंत्रात चोरी करणाऱ्यांची ही जुनी आणि आवडती वाट आहे.

यावर गाभ्याच्या कर्त्यांनी जी युक्ती योजिली ती ग्रामीण वाटावी इतकी साधी आहे. जागा रिकामी होताच तिच्यातल्या प्रत्येक घरात १०७ हा एकच आकडा भरून ठेवावयाचा, आणि शेवटच्या घरात १६५. या भरतीला त्यांनी विष असे नाव दिले आहे. पुढे ती जागा दुसऱ्या कोणाला देण्यापूर्वी पाहावयाचे, की विष जसेच्या तसे आहे काय? एका जरी घरातला आकडा बदललेला असला, तरी मधल्या काळात कोणीतरी चोरून आत येऊन गेला हे सिद्ध झाले. तसेच दोन जागांच्या मध्ये एक तांबडा पट्टा राखावयाचा. त्यावर पाऊल उमटले तर शेजाऱ्याने हद्द ओलांडली असे समजावे. शेणाने सारवलेल्या अंगणात सकाळी पावले पाहून रात्री कोण आले होते हे ओळखणाऱ्या बाईला हे शास्त्र नवे वाटणार नाही. अर्थात् प्रत्येक वेळी अंगण सारवण्यात वेळ जातो. म्हणून रोजच्या वापरात ही योजना बंद ठेवतात आणि दोषाचा संशय आला की चालू करतात.

येथपर्यंत हातोडी हातोडीच होती. पुढे मात्र ती फुगत गेली. विष ओळखले, पट्टा तुडविला गेला हे कळले, पण नुसते कळून काय उपयोग? दोष दुरुस्त करणाऱ्याला तपशील हवा. म्हणून साहाय्यक उपक्रम लिहिले गेले. त्यांपैकी एकाचे काम असे, की एखाद्या पानाविषयी शंका आली की त्या पानाची सगळी नोंद वाचून ती मनुष्याला समजेल अशा रीतीने छापावी. त्याला पान ओतणारा उपक्रम म्हणू. तो जितका अधिक सांगेल तितके बरे, असे वाटणे साहजिक होते. म्हणून त्याच्यात भर पडत गेली: पान एकटे आहे की एखाद्या मोठ्या समूहातले, त्या समूहाचा प्रमुख कोण, पान कोणत्या फाइलीचे, त्या फाइलीचे नाव काय. सरकारी दफ्तरातील तक्त्यांत दरसाल एकेक स्तंभ कसा वाढत जातो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही वाढ समजावून सांगण्याची गरज नाही. प्रत्येक स्तंभ उपयोगाचाच असतो. जड होतो तो सबंध तक्ता.

रेल्वेच्या लोकांत हातोडीवाल्याची एक जुनी थट्टा सांगतात. एका तपासनिसाला एके दिवशी गाडीचे प्रत्येक चाक बद्द वाजू लागले. गाडीमागून गाडी त्याने अडवून ठेवली, सारी वाहतूक खोळंबली, आणि शेवटी उघडकीस आले ते हे, की तडा हातोडीलाच गेलेला होता. लिनक्सच्या गाभ्यात २०१८ साली जे घडले ते या थट्टेच्याही पुढचे आहे.

त्यापूर्वी यंत्र सुरू होताना पानांच्या नोंदवहीतील सर्व जागा पुसून तिच्यात शून्य भरण्याची रीत होती. अवाढव्य स्मृती असलेल्या यंत्रांवर या पुसापुशीत फार वेळ जाई. पावेल तातशिन या अभियंत्याने ती पुसापुशी थांबविली; ज्या नोंदीची पाळी येईल तेव्हा तीच तेवढी भरावी, अशी व्यवस्था केली. परंतु मग न भरलेली नोंद कोणी चुकून भरलेली समजून वाचली तर? ती चूक पकडण्यासाठी तपासणीच्या काळात कोऱ्या नोंदींत सर्वत्र एकच एक अंक भरून ठेवावा, हेही एक प्रकारचे विषच, असे ठरले. नोंदीला कोणताही प्रश्न विचारण्यापूर्वी ती विषारी तर नाही ना, हे पाहण्याची सक्ती झाली. विषारी निघाली, तर पान ओतणाऱ्या उपक्रमाला हाक मारावयाची.

हाक आली. उपक्रम धावून गेला आणि आपल्या सवयीप्रमाणे त्याने त्या पानाला पहिला प्रश्न विचारला: तू लहान तुकड्यांच्या वाटपासाठी दिलेले आहेस काय? प्रश्न विचारण्यापूर्वी विष पाहण्याची सक्ती होतीच. विष निघाले. विष निघाल्यावर काय करावयाचे? पान ओतणाऱ्या उपक्रमाला हाक मारावयाची! तो पुन्हा आला, त्याने पुन्हा तोच पहिला प्रश्न विचारला, पुन्हा विष निघाले, पुन्हा हाक. दोन आरसे समोरासमोर धरावे तशी ही परंपरा खोल खोल जात राही. गाभ्यापाशी अशा अपुऱ्या राहिलेल्या कामांची टिपणे ठेवण्यास फारच थोडी जागा असते. बहुतेक मोठ्या यंत्रांवर अवघी १६ किलोबाइट. ती भरून जाण्यास कितीसा वेळ लागणार? मूळ दोष होता एका कोऱ्या नोंदीपुरता. त्याची वार्ता देण्यासाठी आलेला दूतच त्या चक्रात अडकला, आणि वार्ता दारातच राहिली.

त्याच वर्षी तातशिनने जी दुरुस्ती केली ती काही नवी भर घालणारी नव्हती. पान ओतणाऱ्या उपक्रमाने प्रथम कोणताही प्रश्न न विचारता, नोंदीतला आकडा नुसता डोळ्यांनी पाहावा. तो विषाचा असला तर एका ओळीत सांगावे, की हे पान भरलेले नाही आणि विषारी आहे. नोंदीतले कच्चे आकडे असतील तसे छापावे आणि थांबावे. समूह नाही, प्रमुख नाही, फाइल नाही. ज्या वहीचा भरवसा उरलेला नाही तिला पुढले प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. ही साधी गोष्ट त्या उपक्रमाला आता कोठे कळली.

तरीही रोग पुरता हटला नव्हता. २०२० साली आणखी एक प्रकार दुरुस्त करावा लागला, आणि तो प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रावर निदान एकदा तरी घडलेला होता. उपक्रम एखाद्या समूहातल्या पानाची नोंद वाचीत असतानाच, दुसरीकडे तोच समूह मोडला जात होता. उपक्रमाने पाहिले तेव्हा समूह होता. पुढच्या क्षणी त्याने समूहाची संख्या विचारली तेव्हा तो उरलेला नव्हता. संख्या सांगणाऱ्या कार्याने ही विसंगती पाहून आपल्या नियमाप्रमाणे धोक्याची घंटा वाजविली, आणि गाभा कोसळला. खानेसुमारीचा कारकून दारात उभा असता कुटुंबाची वाटणी व्हावी, आणि विभक्त कुटुंबाची नोंद जमत नाही म्हणून खानेसुमारीच बंद पडावी, तसे हे झाले. या दुरुस्त्या जॉन हबर्ड आणि मॅथ्यू विलकॉक्स यांच्यासारख्या कर्त्यांनी केल्या. त्याच सुमारास फाइलीचे नाव वाचण्याचीही रीत बदलण्यात आली: दिलेला पत्ता खरा आहे असे गृहीत न धरता चाचपत जावे, आणि तेथे काही नसेल तर निमूटपणे परतावे.

२०२४ मध्ये या उपक्रमाचे जे रूप सिद्ध झाले ते अधिक सरळ आहे. प्रथम नोंदीची एक नक्कल आपल्यापाशी उतरवून घ्यावयाची आणि मग जे काही सांगावयाचे ते त्या नकलेवरून सांगावयाचे. मूळ नोंद मध्यंतरी बदलली तरी नक्कल बदलत नाही. नक्कल घेतानाच नोंद आणि समूह यांचा मेळ बसला नाही तर मोजक्या वेळा पुन्हा प्रयत्न करावा, आणि तरीही न बसल्यास मेळ बसत नाही असे स्पष्ट छापून मोकळे व्हावे. तपासनीस जप्त केलेल्या चोपडीवर स्वतः काही लिहीत नाही आणि ती चालू राहू देत तिच्यावरून निष्कर्षही काढीत नाही; तिची प्रत घेतो. हिशेब तपासणीच्या खात्यातील कोणत्याही अनुभवी माणसाने हा सल्ला पहिल्या दिवशी दिला असता. पण दोन क्षेत्रांतील शहाणपण एकमेकांना भेटावयास फार वेळ घेते.

सोपे करणे म्हणजे दर वेळी कमी करणेच असते असे नाही. कधी कधी मात्र तसे असते, आणि तेव्हा प्रश्न अवघड होतो. न भरलेली स्मृती कोणी वाचीत आहे काय हे पाहणारी एक मोठी यंत्रणा २००९ मध्ये गाभ्यात आली होती. ती प्रत्येक वाचनाला अडवून चौकशी करी. तिच्यामुळे यंत्र इतके मंद होई, आणि तेही एकाच प्रक्रियकावर चालवावे लागे, की हळूहळू तिला कोणी विचारीनासे झाले. दरम्यान २०१५ मध्ये दुसरी एक चपळ यंत्रणा आली. स्मृतीच्या प्रत्येक आठ घरांमागे एक घर पहाऱ्यासाठी राखून ती चोरटा प्रवेश आणि हद्दीचे उल्लंघन तत्काळ पकडू लागली. तेव्हा जुनी काढून टाका, असा प्रस्ताव आला. त्यावर आक्षेप निघाला, की नव्या यंत्रणेसाठी लागणारी भाषांतराची साधने अजून सर्वांपाशी पोहोचलेली नाहीत. दोन वर्षे थांबा. आणि खरोखरच दोन वर्षे थांबून २०१७ साली जुनी यंत्रणा मुळासकट उपटण्यात आली. तिच्यासाठी गाभ्यात जागोजाग पेरून ठेवलेल्या खुणाही वेचून काढल्या.

या निर्णयाचे सर्वांनी स्वागत केले. पण त्यात एक गोम होती. जुनी यंत्रणा कितीही मंद असली, तरी कोरी जागा वाचली गेल्याचा जो दोष ती पकडीत असे, तो नवी पकडीत नव्हती. त्यासाठी वेगळी यंत्रणा गाभ्यात दाखल झाली ती २०२२ च्या अखेरीस. मधल्या पाच वर्षांत त्या प्रकारच्या तड्यासाठी गाभ्यात स्वतःची हातोडी नव्हती. म्हणून निर्णय चुकला असे म्हणता येणार नाही, कारण जे हत्यार कोणी उचलीत नाही ते भिंतीवर टांगलेले असून नसल्यासारखेच. तरी पण सुटसुटीतपणाची किंमत शून्य असते, असे मानणाऱ्यांनी ही पाच वर्षे ध्यानात ठेवावी.

स्मृतीच्या लहान तुकड्यांचे वाटप करणाऱ्या विभागांच्या बाबतीत मात्र लाभ निर्विवाद ठरला. लिनक्समध्ये असे तीन विभाग होते, आणि त्यांची नावे ऐकावयास जवळजवळ सारखीच: स्लॅब, स्लब आणि स्लॉब. तिघांचे काम एकच, पण विष घालण्याची आणि पट्टे आखण्याची तऱ्हा ज्याची त्याची निराळी. स्लॅबची तपासणी हवी असेल तर सबंध गाभा नव्याने घडवावा लागे. स्लबची तपासणी यंत्र सुरू करताना एका शब्दाने चालू करता येई. दोष जेथे सापडतो ते यंत्र बहुधा दूर कोठेतरी, दुसऱ्याच्या ताब्यात असते, आणि तेथे गाभा नव्याने घडविण्याची सोय नसते, हे लक्षात घेतले म्हणजे या एका शब्दाचे मोल कळते. व्लास्तिमिल बाब्का यांच्या पुढाकाराने २०२३ मध्ये स्लॉब आणि २०२४ मध्ये स्लॅब निवृत्त झाला. आता हा व्यवहार एकट्या स्लबकडे आहे, आणि तीन ठिकाणी दुरुस्त करावयाची चूक एकाच ठिकाणी दुरुस्त करावी लागते.

शेवटचा मुद्दा गाडी थांबविण्याच्या अधिकाराचा. हातोडीवाल्याला बद्द आवाज आला तर तो गाडी सोडू देत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण गाडी फलाटावर उभी असते. गाभ्याची तपासणी धावत्या गाडीत चालते. अनेक वर्षे गाभ्यातील तपासण्यांची रीत अशी होती, की नोंदीत काही विपरीत दिसले की तेथेच सारे यंत्र थांबवावे. टोरवाल्ड्सने यावर वारंवार आणि प्रसंगी फार कडक शब्दांत हरकत घेतली आहे. पुलावरून जाणारी गाडी एका चाकाच्या संशयावरून मध्येच उभी केली, तर उतारूंचे हित साधले असे होत नाही. शिवाय यंत्र थांबल्यावर दोषाचा वृत्तान्त छापून घेण्याची संधीही पुष्कळदा जाते. २०२२ साली गाभा लिहिणाऱ्यांसाठी असलेल्या लेखनरीतीच्या नियमांत हे नोंदले गेले: शक्य तेथे इशारा द्यावा, होईल तितके सावरून घ्यावे आणि काम पुढे चालू ठेवावे. इशारा देतानाही एकाच दोषाचा इशारा एकदाच द्यावा, कारण तीच ओळ लक्ष वेळा छापली गेली तर तिच्याखाली दुसऱ्या दोषाची वार्ता गाडली जाते. जुने कठोर शब्द गाभ्यात अजून ठिकठिकाणी शिल्लक आहेत. एकेक पाहून, तेथे थांबणे खरोखर अटळ आहे काय याचा विचार करून, ते बदलण्याचे काम चालू आहे.